चोवीस छर्रे

आमच्या १९७३ च्या फोक्सवॅगन व्हॅनचे मागचे दोन्ही ॲक्सल सध्या गॅरेजच्या फरशीवर पसरलेत. "त्या काळ्या ग्रीसमध्ये हात घालून तुला मिळतं काय रे?" असं आत्येभावाने फोनवर विचारलं. उत्तर लांबणार हे दिसलंच, म्हणून इथेच लिहितो. (तो वाचतो, मला ठाऊक आहे :))

या व्हॅनचं इंजिन मागे, गिअरबॉक्सही मागे. त्यातून दोन दांडे निघतात, एक डाव्या चाकाकडे, एक उजव्या. प्रत्येक दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक जॉइंट आणि प्रत्येक जॉइंटमध्ये सहा छर्रे. म्हणजे एकूण चोवीस. खड्डा आला की चाक खाली जातं, उंचवटा आला की वर. गिअरबॉक्स मात्र जागचा हलत नाही. मग तिरक्या झालेल्या दांड्यातून चाक फिरवायचं कसं?

सतराव्या शतकात रॉबर्ट हुकने यावर सांधा दाखवला होता. ट्रकच्या प्रोपेलर शाफ्टवर आपले मेकॅनिक ज्याला नुसतं 'क्रॉस' म्हणतात, ते त्याच घराण्यातलं. पण त्यात एक खोट आहे. सांधा ३० अंशांत वाकला आणि इकडचा दांडा मिनिटाला एकसारखे १०० फेरे घेत असला, तरी तिकडचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा ८७ पर्यंत पडतो आणि दोनदा ११५ पर्यंत चढतो. सरासरी शंभरच हो, पण गाडीला सरासरी कळत नाही, हिसके कळतात.

ही खोट काढली फोर्डमधल्या आल्फ्रेड झेपा या अभियंत्याने, १९२० च्या दशकात. त्याने मध्ये सहा छर्रे घातले, आणि दांडा कितीही तिरका झाला तरी ते कोनाच्या बरोबर दुभाजकावरच राहतील अशी सोय केली. छर्रे मध्यावर, म्हणून दोन्ही बाजूंचा वेग सारखा. कल्पना एवढीच. पण ती मोठ्या संख्येने रस्त्यावर धावायला लागली ती १९५९ च्या मिनीपासून.

फोक्सवॅगनची व्हॅन १९५० ची. तिच्या पहिल्या पिढीत सांधा फक्त गिअरबॉक्सकडे होता, चाक ॲक्सलला ताठ जोडलेलं. वळणावर मागची बाजू उचलली गेली की बाहेरचं चाक आत दुमडायला बघायचं. माणसं भरलेल्या गाडीत ही गंमत नव्हे. ऑगस्ट १९६७ मध्ये नवं मॉडेल आलं तेव्हा चाकाकडेही सांधा आला आणि चाक बरंचसं उभं राहू लागलं. जाहिरातीत मोठी काच दिसते. माझ्या मते खरा बदल या छऱ्र्यांचा.

(जाता जाता: हॅम्बुर्गच्या टेंपो कंपनीच्या १९४९ च्या मॅटाडोर व्हॅनमध्ये सुरुवातीला फोक्सवॅगनचंच इंजिन होतं. त्याच कंपनीच्या परवान्यावर १९५८ मध्ये बजाज टेंपो सुरू झाली आणि आपल्याला 'टेंपो' हा शब्द मिळाला. असो.)

आता ग्रीसकडे. जॉइंट उघडून रॉकेलमध्ये धुतला की आत सहा तिरक्या खोबणी दिसतात. एका जॉइंटचे छर्रे दुसऱ्यात घालायचे नाहीत, ते एकमेकांसोबत झिजलेले असतात. म्हणून दह्याचे चार रिकामे डबे. खोबणीच्या एकाच भिंतीवर चकाकता पट्टा असतो. दुसरी भिंत जवळजवळ कोरी, कारण गाडी पुढेच जास्त जाते. म्हणून जुने लोक डावा ॲक्सल उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावतात, म्हणजे कोऱ्या भिंतीवर भार येतो. शोध कोणी लावला ते पेटंटमध्ये सापडतं. पण आमच्या तीन जॉइंटमध्ये ग्रीस स्वच्छ आणि क्लिपा नीट बसवलेल्या होत्या. हे माझ्या आधी कोणीतरी वेळच्या वेळी करत होतं, आणि त्याची नोंद फक्त या पट्ट्यात आहे. आत्येभावा, मिळतं ते हे.

चौथ्याचा रबरी बूट फाटलेला निघाला. आत पाणी आणि रेती, आणि एका खोबणीत नखाला लागेल एवढा खळगा. असा जॉइंट कितीही ग्रीस भरलं तरी वाचत नाही, कटकट वाजत राहतो. बाकीच्या तिघांत मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस बोटांनी दाबून भरलंय, बाजू बदलल्यात. चौथा बुधवारी येईल.