कावडीखालचा खांदा

जुन्या चांदा जिल्ह्याच्या अरण्यांत, म्हणजे १९८२ सालीं चंद्रपुरापासून निराळ्या झालेल्या गडचिरोलीकडील मुलखांत, मीठ, मोह, धान्य हीं कावडीनेंच हिंडत. इंग्रजी अमदानींत साहेबाच्या दौऱ्याचें बिऱ्हाडही गोंड-माडियांच्याच खांद्यावर, आणि तें पुष्कळदां वेठीनें!

या खांद्याचें मर्म सुश्रुतानें ओळखिलें होतें. अंसफलकावरील आघातानें बाहु बधिर होतो वा सुकतो, असें तो सांगतो. पुढें चार्ल्स बेल (१७७४–१८४२) यानें मानेंतून निघून बरगड्यांवरून उतरणारा एक लांब मज्जातंतु वर्णिला. खांद्याचा फरा छातीशीं घट्ट धरणारा स्नायु त्याच्याच हुकमतींत असतो. ओझ्यानें तो तंतु चेपला किंवा ताणला गेला, कीं फरा पंखासारखा मागें उचलतो व हात डोक्यावर नीट जात नाहीं. विसावा मिळाल्यास कांहीं महिन्यांत बहुधा गुण येतो. पण वेठीला विसावा कुठला?

पाश्चात्त्य वैद्यकांत या विकाराला नांव मिळालें तें पाठीवरच्या पिशवीवरून. कावड तेथें कोणास ठाऊक? आम्हांस याचें नवल वाटत नाहीं. पिशवी वाहणाऱ्या शिपायाला पलटणीचा डॉक्टर होता. भामरागडच्या रानांत हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तो १९७३ च्या डिसेंबरांत.