सहचल आणि उपद्रवी चल : मेंदू-प्रतिमांकनाच्या सांख्यिकीत

मेंदूच्या प्रतिमांवरून काढलेल्या मोजमापांवर अभ्यासविषयाखेरीज इतर अनेक गोष्टींचा परिणाम होतो. अशा ज्या गोष्टी विश्लेषणाच्या प्रतिमानात सामावून घेतल्या जातात त्यांना सहचल म्हणतात. वय, लिंग, कवटीच्या आतले आकारमान, शिक्षणाची वर्षे, स्कॅनरचे ठिकाण ही त्यांची नेहमीची उदाहरणे. यांपैकी काहींविषयी संशोधकाला काहीच जाणून घ्यायचे नसते, पण त्यांच्याकडे दुर्लक्ष केले तर निष्कर्ष बिघडतो. ते उपद्रवी चल होत. स्कॅन चालू असताना होणारी डोक्याची हालचाल, नाडी, श्वास आणि यंत्राच्या संकेतात हळूहळू पडणारा फरक हे त्यांत येतात. वार्धक्याच्या अभ्यासात वय हाच मुख्य विषय असतो, तर अल्झायमरच्या रुग्णांची निरोगी व्यक्तींशी तुलना करताना तेच वय बाजूला काढावे लागते. कोणती राशी उपद्रवी मानायची हे अभ्यासाच्या प्रश्नावरून ठरते. गणित ते ठरवून देत नाही.

गणिती चौकट : या क्षेत्रातील बहुतेक विश्लेषण जनरल लिनिअर मॉडेलवर उभे आहे. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात काम करताना कार्ल फ्रिस्टन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘एसपीएम’ ही संगणकप्रणाली विकसित केली. पेट आणि पुढे एफएमआरआय या दोन्ही तंत्रांसाठी हे मॉडेल तिच्यामुळे रूढ झाले. मेंदूची प्रतिमा काही मिलिमीटर बाजूच्या छोट्या घनांत, म्हणजे व्हॉक्सेलांत, विभागलेली असते. प्रत्येक व्हॉक्सेलमधील मोजमाप म्हणजे काही ज्ञात राशींची भारित बेरीज अधिक उरलेली त्रुटी, असे मॉडेल मानते. या राशी डिझाइन मॅट्रिक्सच्या स्तंभांत मांडतात. अभ्यासाचे स्तंभ आणि उपद्रवी स्तंभ एकाच मॅट्रिक्समध्ये शेजारी शेजारी असतात. गणिताच्या दृष्टीने त्यांत भेद नसतो. कोणत्या स्तंभाचा गुणांक तपासायचा हे सांगितले की भेद निर्माण होतो.

उपद्रवी स्तंभ घालण्याचे दोन हेतू असतात. पहिला, त्रुटीतील ज्या चढउतारांचे कारण माहीत आहे ते वेगळे काढून चाचणी अधिक संवेदनशील करणे. दुसरा, अभ्यासविषयाशी गुंतलेला परिणाम चुकून त्याच्या नावावर जमा होऊ न देणे. पहिल्या हेतूत फार धोका नाही. दुसऱ्यात मात्र प्रत्येक स्तंभामागे कार्यकारणभावाविषयीचे एक गृहीतक असते आणि ते संशोधकाने उघडपणे मांडावे लागते.

एका व्यक्तीच्या पातळीवर : एफएमआरआयमध्ये दर एक-दोन सेकंदांनी संपूर्ण मेंदूची प्रतिमा घेतली जाते. रक्तातील ऑक्सिजनशी निगडित ज्या संकेतावर हे तंत्र अवलंबून आहे, तो एखाद्या कृतीमुळे फार तर काही टक्क्यांनी बदलतो. त्यामुळे उपद्रवी चढउतार खऱ्या परिणामापेक्षा सहज मोठे ठरू शकतात. संथ अपवाह काढण्यासाठी कमी वारंवारतेचे स्तंभ घालतात. किती संथ बदल काढायचे याची मर्यादा एसपीएममध्ये मुळात १२८ सेकंद ठेवलेली आहे. हालचालीसाठी डोक्याची तीन दिशांतील सरक आणि तीन अक्षांभोवतीचे वळण अशा ६ राशी घेतात. आधीच्या क्षणाच्या हालचालीचा परिणामही संकेतात उरतो हे दाखवून फ्रिस्टन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये २४ राशींचा संच मांडला. त्यात चालू क्षणाच्या ६, आधीच्या क्षणाच्या ६ आणि या बारांचे वर्ग असतात. नाडी आणि श्वास यांच्या आवर्तनांसाठी २००० मध्ये ‘रेट्रोआयकॉर’ ही पद्धत आली. २००७ मध्ये आलेल्या ‘कॉम्पकॉर’ पद्धतीत मेंदूचे श्वेतद्रव्य आणि मेंदूजल यांतील संकेतावरून गोंगाटाचे स्तंभ तयार करतात, कारण तेथे चेतापेशींच्या क्रियेचा संकेत जवळजवळ अपेक्षित नसतो.

कृतीबरोबरच डोके हलत असेल, उदाहरणार्थ बटण दाबताना किंवा बोलताना, तर हालचालीचे स्तंभ खऱ्या सक्रियतेचाही वाटा घेऊन जातात. स्तंभ न घातल्यास हालचाल सक्रियतेसारखी दिसते. या पेचावर विश्लेषणाच्या टप्प्यावर पूर्ण उपाय नाही. प्रयोगाची आखणी करतानाच कृती आणि हालचाल शक्य तितकी वेगळी ठेवावी लागते.

हालचालीचा धडा : विश्रांतीच्या अवस्थेतही मेंदूच्या दूरदूरच्या भागांतील संकेत एकत्र चढउतार करतात, हे भरत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये विस्कॉन्सिन येथे दाखवले. त्यातून मेंदूतील जोडण्यांचा अभ्यास झपाट्याने वाढला. लहान मुलांत जवळच्या भागांतील संबंध बळकट असतात आणि वय वाढते तसे दूरचे संबंध दृढ होत जातात, असे चित्र पुढील काही वर्षांत पुढे आले. २०१२ मध्ये सेंट लुईस, हार्वर्ड आणि पेनसिल्व्हेनिया येथील तीन गटांनी जवळपास एकाच वेळी दाखवून दिले की डोक्याची अगदी सूक्ष्म हालचालही नेमका असाच आकृतिबंध तयार करते. जवळचे संबंध फुगतात आणि दूरचे क्षीण होतात. मुले मोठ्यांपेक्षा अधिक हलतात, त्यामुळे विकासाचा म्हणून नोंदलेला परिणाम काही प्रमाणात हालचालीचा होता. सेंट लुईसच्या गटातील काही संशोधकांनी आधीचे विकासाचे निष्कर्षही मांडले होते. स्वतःच्या कामातील दोष त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केला, ही या क्षेत्राच्या इतिहासातील अभिमानास्पद गोष्ट आहे.

नेहमीचे हालचालीचे स्तंभ घालूनही हा परिणाम उरत होता. म्हणून लागोपाठच्या दोन प्रतिमांतील एकूण विस्थापन मोजण्याची रीत आली. त्यात वळणांचे रूपांतर ५० मिलिमीटर त्रिज्येच्या गोलावरील अंतरात करून ६ राशींतील बदलांच्या निरपेक्ष मूल्यांची बेरीज घेतात. सेंट लुईसच्या मूळ अभ्यासात ही बेरीज ०.५ मिलिमीटरपेक्षा जास्त आलेल्या प्रतिमा गाळण्यासाठी निवडल्या होत्या. आज व्यक्तीच्या पातळीवर असे क्षण वगळतात आणि गटाच्या पातळीवर प्रत्येकाची सरासरी हालचाल पुन्हा सहचल म्हणून घेतात. रुग्ण, वृद्ध आणि लहान मुले यांच्या अभ्यासात ही दुहेरी काळजी अनिवार्य मानावी.

जागतिक संकेत : संपूर्ण मेंदूच्या सरासरी संकेताला उपद्रवी स्तंभ मानावे का, हा दीर्घ वादाचा विषय आहे. तो काढल्याने हालचाल आणि श्वास यांचा परिणाम बराच कमी होतो. मात्र तो काढल्यावर काही संबंध ऋण येणे गणितानेच अटळ होते, हे २००९ मध्ये मर्फी आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केले. मेंदूतील दोन जाळी परस्परविरोधी वागतात या निष्कर्षाचा फेरविचार त्यामुळे करावा लागला. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत हा सरासरी संकेतच बदललेला असल्याचे २०१४ मध्ये नोंदवले गेले. म्हणजे एका अभ्यासातला गोंगाट दुसऱ्या अभ्यासात आजाराची खूण ठरू शकतो.

गटाच्या पातळीवर : करड्या द्रव्याचे आकारमान तपासताना कवटीच्या आतले एकूण आकारमान विचारात घेणे आवश्यक असते. पुरुषांत ते सरासरीने स्त्रियांपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी अधिक असते. प्रत्येक भागाचे आकारमान एकूण आकारमानाने भागणे हा एक मार्ग. त्यात सर्व भाग त्याच प्रमाणात वाढतात असे गृहीत धरले जाते आणि ते खरे नाही. म्हणून एकूण आकारमान सहचल म्हणून घेणे अधिक योग्य ठरते.

अनेक केंद्रांतून आलेल्या माहितीत स्कॅनरचा फरक मोठा असतो. जनुकांच्या अभिव्यक्तीच्या अभ्यासासाठी २००७ मध्ये तयार झालेली ‘कॉम्बॅट’ पद्धत २०१७ पासून मेंदूच्या प्रतिमांसाठी वापरली जाते. ती प्रत्येक केंद्राची सरासरी आणि विचलन यांतील फरक जुळवून घेते. एक लाख व्यक्तींच्या स्कॅनचे उद्दिष्ट ठेवणाऱ्या यूके बायोबँकेसाठी संशोधकांनी २०२१ मध्ये उपद्रवी चलांची विस्तृत यादी मांडली. तीत डोक्याचे आकारमान, स्कॅनची तारीख आणि स्कॅनरच्या टेबलाची स्थिती यांचाही समावेश आहे.

मध्यमान वजा करणे : वयासारखा सहचल जसाच्या तसा घातला तर मॉडेलमधील स्थिरांक वय शून्य असतानाचे मूल्य सांगतो. वीस ते चाळीस वयाच्या लोकांच्या अभ्यासात अशा उत्तराला काही अर्थ नसतो. म्हणून प्रत्येकाच्या वयातून सरासरी वय वजा करतात. दोन गट असतील तर सर्वांची एकच सरासरी वजा केल्यास समान वयाच्या व्यक्तींची तुलना होते. प्रत्येक गटाची वेगळी सरासरी वजा केल्यास गटांतील वयाचा फरक त्यांच्या तुलनेत तसाच मिसळलेला राहतो आणि वयाची दुरुस्ती नावापुरती उरते. वयाचा परिणाम दोन्ही गटांत वेगवेगळ्या उताराचा असेल, तर गटांमधील फरक कोणत्या वयाला मोजला हे सांगितल्याशिवाय निष्कर्षाला अर्थ येत नाही.

दुरुस्ती कधी घातक ठरते : सहचलांची दुरुस्ती करून गटांची तुलना करणारी सहप्रचरण विश्लेषणाची पद्धत रोनाल्ड फिशर यांनी १९३० च्या दशकात रूढ केली ती यादृच्छिक वाटप केलेल्या प्रयोगांसाठी. आधीपासूनच भिन्न असलेल्या गटांना ती लावल्यास काय होते याचे कोडे फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९६७ मध्ये मांडले. एकाच माहितीवरून दोन सांख्यिकीतज्ज्ञ परस्परविरोधी निष्कर्ष काढतात आणि दोघांचेही गणित बरोबर असते. सत्तरीचे रुग्ण आणि तिशीचे निरोगी लोक यांच्यातला वयाचा फरक कोणताही स्तंभ भरून काढू शकत नाही. सर्व रुग्ण एका स्कॅनरवर आणि सर्व निरोगी लोक दुसऱ्यावर तपासले असतील तर कॉम्बॅटही निरुपयोगी असते.

आजाराचाच परिणाम असलेली राशी काढून टाकली तर आजाराचा एक भागही तिच्याबरोबर निघून जातो. स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासात स्मृतिचाचणीचे गुण सहचल म्हणून घेणे हे याचे उदाहरण. ज्या राशीवर मेंदूची स्थिती आणि आजार या दोघांचा परिणाम होतो तिची दुरुस्ती केल्यास मुळात नसलेला संबंधही दिसू लागतो. शिवाय प्रत्येक स्तंभ एक मुक्तता मात्रा खर्च करतो. परस्परांशी जवळून संबंधित स्तंभ वाढले की गुणांक डळमळीत होतात.

क्रम आणि चाचणी : माहितीतून उपद्रवी चल आधी काढून उरलेल्यावर मूळ स्तंभ लावला तर उत्तर चुकते. तो स्तंभही त्याच उपद्रवी चलांपासून मोकळा करावा लागतो, हे फ्रिश आणि वॉ यांनी १९३३ मध्ये दाखवले होते. हालचाल आणि वारंवारता-गाळणी वेगवेगळ्या पायऱ्यांवर हाताळल्यास आधी काढलेला गोंगाट पुन्हा आत शिरतो, असे २०१९ मध्ये स्पष्ट झाले. सर्व उपद्रवी स्तंभ एकाच मॉडेलमध्ये ठेवणे हा सुरक्षित मार्ग आहे. अदलाबदलीच्या चाचण्यांत फ्रीडमन आणि लेन यांची १९८३ ची रीत वापरतात. तीत केवळ उपद्रवी चलांचे मॉडेल बसवतात, त्याच्या अवशेषांचा क्रम यादृच्छिकपणे बदलतात आणि मग उपद्रवी चलांचा भाग त्यांत परत मिळवतात. यंत्र-अध्ययनात उपद्रवी चलांची दुरुस्ती प्रत्येक प्रशिक्षण-संचात स्वतंत्रपणे करावी लागते.

कार्यपद्धती : २०२० मध्ये ७० गटांनी एकाच एफएमआरआय माहितीवर तीच ९ गृहीतके तपासली. कोणत्याही दोन गटांची विश्लेषण-पद्धत तंतोतंत सारखी नव्हती आणि काही गृहीतकांच्या उत्तरांत मोठी तफावत पडली. सहचल निवडण्याचे स्वातंत्र्य हे अशा तफावतीचे एक कारण ठरू शकते. माहिती पाहिल्यानंतर, हवा तो निकाल मिळेपर्यंत स्तंभ बदलत राहणे ही फसवणूकच आहे, मग ती अजाणता का होईना. सहचलांची यादी आणि प्रत्येकामागचे कारण विश्लेषणापूर्वी लिहून ठेवावे. गटांतील हालचाल आणि वय यांची तुलना प्रसिद्ध करावी. सहचलांसह आणि सहचलांविना असे दोन्ही निकाल द्यावेत. मेंदूविषयीच्या या निष्कर्षांवर निदान आणि उपचार अवलंबून राहणार असल्याने, ज्या अहवालात या तीन गोष्टी नाहीत त्याचा निष्कर्ष अपुरा समजावा.