भाड्याच्या सायकलींची वही

बेळगावात १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी सायकलींचे दुकान काढले. पुढे तेथे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर तयार होऊ लागले. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. दुकानाचा कारखाना झाला, म्हणून त्याचा इतिहास लिहिला गेला.

जी दुकाने दुकानेच राहिली, त्यांचे काय? सोनीपतची ॲटलस १९५१ साली, लुधियानाची हीरो १९५६ साली सुरू झाली आणि सायकल तालुक्याच्या गावीही पोहोचली. ज्याला विकत घेणे परवडत नसे, तो तासाच्या भाड्याने नेई. मिस्त्री वहीत नाव आणि वेळ टिपून ठेवी. ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधणे, चाकाचा आऊट काढणे हे हुनर पोरे उस्तादाच्या हाताखाली शिकत. आमच्या समाजातील कित्येक घरांची चूल याच कमाईवर पेटली.

मुस्लिम कष्टकऱ्यांत स्वयंरोजगाराचे प्रमाण मोठे आहे, असे सच्चर समितीने २००६ साली नोंदवले. आकडे आले, माणसे मात्र त्या वह्यांतच राहिली. एखादी वही अजून कुणाच्या माळ्यावर असेल, तर ती रद्दीत जाऊ नये. आमच्या इतिहासाचे ते अस्सल दफ्तर आहे.