मोटारीत बॅटरीची जागा कोणती?

मुंबई आणि पुणे रेल्वेने जोडली जाण्यापूर्वी मुंबईचा प्रवासी होडीने पनवेल बंदराला उतरत असे आणि पुढे घाट चढून पुण्याला जात असे. १८३० साली बोरघाटात चाकाच्या गाड्या जातील असा रस्ता खुला झाला. बैलगाडी घाटाला लावायची तर ओझे कुठे रचायचे, याचे ज्ञान गाडीवानाला असावेच लागे. ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते, म्हणजे मागे कलते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. पुढे जास्त झाले तर सारा भार मानेवर येतो. गाडी ही एक तरफ आहे आणि आस हा तिचा टेकू, हे पुस्तकात न वाचताही गाडीवान जाणत होता.

मोटार आली तरी हा प्रश्न संपला नाही. मोटारीत एक जड वस्तू अशी असते की जिची जागा बरीचशी आपल्या मर्जीवर ठरवता येते. ती म्हणजे बॅटरी. इंजिन किंवा चाके सहज हलवता येत नाहीत. बॅटरी मात्र दोन तारांनी जोडली की काम भागते. निदान वरवर पाहता तसे वाटते. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत ही बॅटरी मोटारीत कुठे कुठे फिरली, हे पाहिले तर शाळेतल्या विज्ञानाचे तीन-चार धडे एकाच वस्तूत सापडतात.

शिसे आणि आम्ल यांचा, पुन्हा पुन्हा भारित करता येणारा विद्युतघट फ्रान्सच्या गास्ताँ प्लांते यांनी १८५९ साली तयार केला. मोटारीत तो आवश्यक ठरला १९१२ पासून. तोवर इंजिन सुरू करण्यासाठी पुढून हँडल मारावे लागे आणि त्याच्या उलट फटक्याने हात मोडत. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बनवलेला विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत बसवला गेला. दिवे व ठिणगी यांना थोडी वीज पुरते; स्टार्टर मात्र काही सेकंदच पण शेकडो अँपिअर विद्युतधारा ओढतो. बॅटरीच्या जागेचा प्रश्न इथे खरा सुरू झाला.

थोडे गणित करू. स्टार्टरला २०० अँपिअर धारा लागते असे धरू. तांब्याच्या तारेचा छेद २५ चौरस मिलिमीटर असेल, तर दर मीटरला तिचा रोध सुमारे ०.०००७ ओहम भरतो. ओहमच्या नियमाने दर मीटरला ०.१४ व्होल्ट वाया जातात. बॅटरी इंजिनशेजारी असेल तर एक मीटर तार पुरते. ती मागे डिकीत नेली तर चार मीटर तार लागते आणि बारापैकी जवळजवळ ०.५६ व्होल्ट, म्हणजे सुमारे पाच टक्के, तारेतच खर्च होतात. हे चालण्यासारखे आहे. तारेचा छेद दुप्पट घेतला तर नुकसान निम्मे होते.

पण जुन्या मोटारी ६ व्होल्टच्या होत्या. तेवढीच शक्ती ६ व्होल्टवर हवी तर धारा दुप्पट, म्हणजे ४०० अँपिअर लागते. त्याच तारेत आता १.१२ व्होल्ट जातात, तेही सहापैकी! नुकसानीचे प्रमाण चौपट झाले. म्हणून त्या काळी बॅटरी स्टार्टरच्या जवळ ठेवण्याकडे कल असणे स्वाभाविक होते. फोर्डच्या १९२८ च्या 'ए' मॉडेलमध्ये ती चालकाच्या पायांखालच्या फळीखाली असे. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप ६ व्होल्टचीच. तिची बॅटरी बॉनेटखाली, इंजिनच्या शेजारी होती. महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतर मुंबईत याच जीपची जुळणी सुरू केली. १९५० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकी मोटारी १२ व्होल्टवर आल्या आणि बॅटरीला लांब जाण्याची मुभा मिळाली.

मग ती लांब गेली कशासाठी? एक कारण जागेचे. १९५९ साली इंग्लंडमध्ये अलेक इसिगोनिस यांनी आखलेली मिनी मोटार बाजारात आली. इंजिन आडवे बसवून त्यांनी पुढचा भाग इतका आखूड केला की बॅटरी मागे डिकीत गेली. दुसरे कारण वजनाचे. अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी १९४८ पर्यंतच्या जुन्या मोटारींत मोठी, जोरकस इंजिने बसवून त्या रस्त्यावर आणल्या. अशा गाडीला तिकडे 'स्ट्रीट रॉड' म्हणतात. मोठ्या इंजिनाने बॉनेटखालची जागा व्यापली, उष्णता वाढवली आणि गाडी पुढे जड झाली. या गाड्यांना गती मागच्या चाकांनी मिळते. त्यांच्यावर भार कमी असेल तर चाके जागीच फिरतात. म्हणून बॅटरी मागे.

इथे वर्गात विचारण्याजोगे एक कोडे आहे. १५ किलोची बॅटरी पुढच्या आसावरून काढून मागच्या आसाच्या अर्धा मीटर मागे ठेवली. दोन आसांतले अंतर अडीच मीटर आहे. मागच्या चाकांवर किती भार वाढेल? बहुतेक विद्यार्थी १५ किलो म्हणतील. उत्तर १८ किलो आहे. बॅटरी तीन मीटर सरकली, म्हणून १५ गुणिले ३ भागिले २.५. मग वरचे तीन किलो आले कुठून? बॅटरी मागच्या आसाच्याही पलीकडे असल्याने ती गाडीचा पुढचा भाग तीन किलोने उचलून धरते. गाडीवानाचे 'उलाळ' ते हेच.

भारताची नॅनो मोटार याच हिशेबाने उलट दिशेने गेली. २००९ साली रस्त्यावर आलेल्या या मोटारीचे इंजिन मागे होते, तर बॅटरी पुढच्या आसनाखाली.

आता तिसरा हिशेब, आणि जिवाशी गाठ तिथेच आहे. आम्लाची बॅटरी भारित होताना तिच्यातल्या पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. बॉनेटखाली वारा खेळतो. बंद डिकीत नाही. म्हणून डिकीतली बॅटरी घट्ट झाकणाच्या पेटीत बसवून वायूची नळी गाडीबाहेर काढावी लागते. आसनाखालची जागाही निर्धोक नाही. जर्मनीच्या जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये बॅटरी मागच्या आसनाखाली असे. तिच्यावरचे झाकण हरवलेले असले आणि आसनाच्या स्प्रिंगा टर्मिनलांना टेकल्या, तर आग लागण्याचा धोका असे.

लांब तारेचाही धोका आहे. डिकीतून इंजिनापर्यंत जाणारी तार पत्र्याच्या कडेवर घासून तिचे आवरण फाटले, तर बॅटरीची धारा थेट सांगाड्यात उतरते. बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०१ ओहम धरला तर ही धारा १२०० अँपिअर होईल! म्हणून पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी कडे, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज आणि हाताशी येईल असा तोडबटण हवे. डिकीत बॅटरी असलेल्या बीएमडब्ल्यूच्या काही मोटारींत अपघात होताच एक छोटी स्फोटक पुडी टर्मिनलपासून तार तोडते, ती याचसाठी.

पनवेलच्या रस्त्यावरचे ट्रक पाहिले तर चौथे उत्तर दिसते. त्यांची बॅटरी बहुधा सांगाड्याच्या कडेला बाहेर, पेटीत टांगलेली असते. हवा भरपूर, उष्णता कमी, पाणी घालायला सोपी. पण पावसाळ्यातला चिखल आणि उडणारे खडे तिने सोसायचे. डिझेल इंजिनात हवा फार दाबावी लागते, म्हणून स्टार्टर दणकट हवा. अशा मोठ्या वाहनांत सहसा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडून २४ व्होल्ट घेतात. कारण वर केलेल्या गणितातच आहे.

विजेवरच्या वाहनांत हा इतिहास पुढे सरकला आहे. तिथे बॅटरी पंधरा किलोची नसते. वाहनाच्या वजनाचा मोठा हिस्सा तीच असते. २०२० साली आलेल्या टाटा नेक्सॉनच्या विद्युत आवृत्तीत ती तळाखाली पसरली आहे. त्यामुळे गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर गाडी कमी कलते. पुण्याजवळ आकुर्डीला बनणाऱ्या विजेवरच्या चेतक स्कूटरची २०२४ च्या अखेरीस नवी मालिका आली. तिच्यात बॅटरी पाय ठेवण्याच्या जागेखाली नेल्याने आसनाखाली ३५ लिटर सामान मावू लागले.

जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवण्याचा उद्योग आपल्याकडे पुष्कळ झाला. इंजिन बदलायचे तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणी कार्यालयाची परवानगी लागते. 'एमएच-४६' पाटीच्या पनवेलच्या गाडीलाही ती चुकत नाही. पण बॅटरी कुठे ठेवावी हे ठरवताना कायद्याआधी निसर्गनियम हजर असतात. वजन, तारेचा रोध, वायू, उष्णता यांपैकी एकाचे समाधान करताना दुसऱ्याला किंमत द्यावी लागते. सर्वांत चांगली जागा अशी नसते; त्या गाडीपुरती चांगली जागा असते.

विद्यार्थ्यांना आठवडाभर एक काम देता येईल. स्कूटर, रिक्षा, मोटार, ट्रक, एसटी अशा पाच वाहनांच्या मालकांना किंवा चालकांना विचारून बॅटरीची जागा वहीत नोंदवायची आणि ती तिथे का असावी, याची दोन कारणे लिहायची. बॅटरीला हात मात्र लावायचा नाही. दोन मुलांची कारणे जुळली नाहीत तर उत्तमच. त्या दिवशीचा तास त्यावरच घ्यावा.