प्लॅटेक्लिप घळ

दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन शहराला लागून असलेल्या टेबल माउंटन या सपाट माथ्याच्या डोंगरावर जाणारी सर्वांत सरळ आणि सर्वाधिक वापरातली पायवाट. डोंगराचा शहराकडचा उत्तर कडा सुमारे ३ किमी. लांब आहे. दुरून तो अखंड वाटतो, पण त्याच्या मधल्या भागात ओढ्याने कोरलेली एक खोल चीर आहे. वाट त्या चिरेतून माथ्यावर निघते. टाफेलबर्ग रोडपासून माथ्यापर्यंतचे अंतर जेमतेम ३ किमी. आणि चढ सुमारे ६५० मी. आतकरवाडीहून सिंहगड चढणाऱ्या पुणेकरांना या आकड्यांत नवे काही वाटणार नाही. सवयीच्या माणसाला दीड तास पुरतो, इतरांना अडीच-तीन लागतात.

वाटेत कुठेही हात टेकून चढावे असा कातळटप्पा नाही. दगड रचून केलेल्या ओबडधोबड पायऱ्या आहेत आणि त्यांची वळणे माथ्याजवळ नाळ अरुंद होईपर्यंत संपत नाहीत. चढाईचा कस पावलांपेक्षा दमाचा आणि त्याहून अधिक उन्हाचा लागतो. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरतो, त्यामुळे उत्तराभिमुख उतार दिवसभर तापतो. खालच्या भागात कमरेएवढ्या झुडपांखेरीज आडोसा नाही. खरी सावली मिळते ती शेवटच्या टप्प्यात, दोन्ही बाजूंचे कडे जवळ आल्यावर. डिसेंबर-जानेवारीच्या उन्हाळ्यात म्हणूनच पहाटे निघावे आणि पाणी सोबत न्यावे. वाटेवरच्या ओढ्याचा भरवसा धरू नये. सोपी वाट म्हणून प्रसिद्धी असल्याने लोक चपला घालून, हातात अर्धा लिटरची बाटली घेऊन येतात आणि बचावपथकांना काम लागते.

डोंगराचा सपाट माथा सह्याद्रीतल्या पठारांची आठवण करून देतो, पण दोघांची घडण वेगळी आहे. आपल्याकडचे माथे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या आडव्या थरांचे. इथला खडक गारगोटीयुक्त कठीण वालुकाश्म असून त्याचे वय ४५ कोटी वर्षांच्या पुढे आहे. त्याच्या खाली आणखी जुने शेल आणि ग्रॅनाइट आहेत. भूकवच दाबले जाऊन घड्या पडल्या तेव्हा आजचा डोंगर एका रुंद घडीच्या तळाशी होता. तळाचा खडक दाबाखाली घट्ट झाला, थर जवळजवळ आडवेच राहिले. भोवतीचे उंचवटे झिजून गेले आणि तळ तेवढा उभा राहिला.

या वाटेची सर्वांत जुनी लिखित नोंद १५०३ ची. पोर्तुगीज दर्यावर्दी अँतोनियो द साल्दान्या याला आपण नेमके कुठे पोहोचलो हे कळेना, म्हणून तो डोंगरावर चढला. तो याच घळीतून गेला असे मानले जाते. १६५२ मध्ये डचांनी येथे ठाणे वसवल्यावर घळीतून उतरणाऱ्या ओढ्याला मोल आले. त्याच्या काठच्या खडकांवर पिढ्यान्‌पिढ्या शहराचे कपडे धुतले गेले. धुणाऱ्यांत आधी गुलाम स्त्रिया होत्या. केपमध्ये आणलेल्या गुलामांत बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यावरची माणसेही होती, ही गोष्ट पर्यटकांच्या माहितीपत्रकात सहसा सापडत नाही. १७९७ मध्ये लेडी अ‍ॅन बर्नार्ड ही ब्रिटिश अधिकाऱ्याची पत्नी डोंगर चढून गेली. त्यासाठी तिने नवऱ्याची विजार वापरल्याची हकीकत आवडीने सांगतात.

डोंगरावर फिनबॉस नावाची बारीक, चिवट पानांची झुडपी वनस्पती आहे. अशा वनस्पतींमुळेच केप प्रदेशाला २००४ मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाला. खडकांवर डॅसी हा सशाएवढा, आखूड कानांचा प्राणी ऊन खात बसलेला दिसतो. हत्ती त्याच्या जवळच्या नातलगांपैकी आहे हे सांगूनही पटत नाही. आणखी एक नवल म्हणजे हिमालयातील थार हा बकरीसारखा प्राणी. १९३६ मध्ये प्राणिसंग्रहालयातून निसटलेल्या थारांची प्रजा या कड्यांवर वाढली. स्थानिक वनस्पतींची हानी होऊ लागल्याने पुढे त्यांची संख्या मारून कमी करण्यात आली, आणि त्यावरून बराच वादही झाला.

घळ माथ्यावर निघते तिथे वाट फुटते. उजवीकडे पाव तासावर रज्जुमार्गाचे वरचे स्थानक. डावीकडे तासाभराच्या आत मॅक्लिअर्स बीकन, हे डोंगराचे सर्वोच्च टोक (सुमारे १,०८५ मी.). बरेच लोक स्थानकाकडे वळतात आणि सर्वोच्च टोक न पाहताच डोंगर केल्याचे सांगतात.

रज्जुमार्ग ४ ऑक्टोबर १९२९ रोजी सुरू झाला. चढून जाऊन पाळण्याने उतरण्याचा बेत सर्रास केला जातो, पण तो वाऱ्यावर अवलंबून असतो. उन्हाळ्यात आग्नेयेकडून जोराचा वारा सुटला की माथ्यावर पांढरा ढग पसरतो आणि कड्यावरून खाली ओघळतो. शहरात त्याला टेबलावरचे कापड म्हणतात. खालून तो सुंदर दिसतो. वर असलेल्याला मात्र दहा पावलांवरची वाट दिसत नाही, आणि सपाट माथ्यावर दिशा ठरवायला चढ-उतारही फारसे नसतात. वारा वाढू लागताच स्थानकावर भोंगा वाजतो आणि पाळणे थांबतात. मग त्याच पायऱ्या गुडघ्यांवर भार घेत उतराव्या लागतात. हिवाळ्यात, साधारण जुलै-ऑगस्टमध्ये, देखभालीसाठीही रज्जुमार्ग काही दिवस बंद असतो.