कासिमिर बलाचे मूळ

निर्वात पोकळीत धातूच्या दोन बिनभारित पट्ट्या अगदी जवळ आणल्या की त्या एकमेकींकडे ओढल्या जातात. हे कासिमिर बल बहुधा पोकळीतल्या ऊर्जेचा पुरावा म्हणून सांगितले जाते. त्याचे कूळ मात्र द्रवात तरंगणाऱ्या क्वार्ट्झच्या भुकटीत आहे, आणि ते विसरल्याने बलाचा अर्थही बिघडतो. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला, फिलिप्सच्या प्रयोगशाळेत, फेरवे आणि ओव्हरबेक हे कलिले, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांची मिश्रणे, का टिकतात आणि केव्हा साकळतात याचा शोध घेत होते. कणांना जवळ ओढणारे व्हॅन डर वाल्स बल दूरवर भौतिकशास्त्रज्ञ लंडन यांच्या सिद्धान्ताला जुमानेना; ते अपेक्षेपेक्षा लवकर क्षीण होई. एका रेणूतल्या थरथरीची वार्ता दुसऱ्याकडे प्रकाशाच्या वेगानेच जाणार, तेवढ्यात पहिल्याची स्थिती पालटलेली असणार, हा तर्क ओव्हरबेकचा. हेंड्रिक कासिमिर आणि डिर्क पोल्डर यांनी तो गणितात उतरवला: दूरवर आकर्षणाची ऊर्जा अंतराच्या सहाव्या नव्हे, सातव्या घाताच्या प्रमाणात घटते. इतक्या किचकट आकडेमोडीतून इतके सुटसुटीत उत्तर का यावे, हा प्रश्न कासिमिरला स्वस्थ बसू देईना. नील्स बोरने बोलण्याच्या ओघात पोकळीतल्या शून्यबिंदू ऊर्जेकडे बोट दाखवले, आणि १९४८ मध्ये पट्ट्यांचे सूत्र आले. अंतर १ मायक्रॉन असेल तर दाब सुमारे १.३ मिलिपास्कल, अंतर निम्मे केले की सोळापट.

बलाचे मूळ पदार्थात आहे, यावर आक्षेप असा, की सूत्रात अंतराखेरीज प्लांकचा स्थिरांक आणि प्रकाशाचा वेग एवढेच आहे, इलेक्ट्रॉनचा भार कुठेच नाही. मग पदार्थाचा संबंध काय? आक्षेप वजनदार आहे. पण भार दिसत नाही तो पट्ट्या आदर्श वाहक मानल्यामुळे. रॉबर्ट जॅफी यांनी २००५ मध्ये दाखवले, की भार आणि प्रकाश यांच्यातला दुवा शून्य केला तर बलही शून्य होते, आणि शून्यबिंदू ऊर्जेचे नाव न घेताही ते मांडता येते. कासिमिरची रीत त्यामुळे चुकीची ठरत नाही. तिच्यावरून पोकळीबद्दल काढलेला निष्कर्ष तेवढा लंगडा पडतो. खऱ्याखुऱ्या पदार्थांसाठी लिफ्शिट्झने १९५०च्या दशकात जो सिद्धान्त रचला, त्यात जवळचे व्हॅन डर वाल्स आणि दूरचे कासिमिर ही एकाच बलाची दोन टोके आहेत. त्याच सिद्धान्ताचे एक भाकीत मंडे, कपासो आणि पार्सेजियन यांनी २००९ मध्ये खरे करून दाखवले. ब्रोमोबेंझिनमध्ये बुडवलेला सोन्याचा मुलामा दिलेला सूक्ष्म गोळा सिलिकाच्या पृष्ठाजवळ नेला, तर तो दूर ढकलला गेला. सिलिकाच्या जागी सोन्याचे पृष्ठ ठेवले, तर त्याच द्रवात तो ओढला गेला.