मुक्काम कुठे टाकायचा? महाड-पोलादपूरचा जुना प्रश्न

आजचा विषय सुट्टीचा आहे. पण पॉडकास्ट इतिहासाचा आहे, त्यामुळे थोडं सांभाळून घ्या.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कॅराव्हॅन म्हणजे झोपायची-राहायची सोय असलेली गाडी. आणि कॅराव्हॅन पार्क म्हणजे ती गाडी रात्री लावायची जागा, जिथे पाणी, वीज, सांडपाण्याची व्यवस्था असते. मी मूळचा पोलादपूरकडचा, नोकरी पुण्यात कोड लिहायची. त्यामुळे ऑफिसातली मित्रमंडळी हमखास विचारतात, "रायगड बघून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढायचंय. खाली मुक्काम कुठे करू?"

गंमत म्हणजे हा प्रश्न आमच्या खोऱ्यात शेकडो वर्षं विचारला जातोय. आधी शब्दच बघा. फारसीत कारवाँ म्हणजे तांडा. इंग्रजांनी तो शब्द उचलला, त्याचा 'कॅराव्हॅन' केला आणि पुढचा भाग कापून 'व्हॅन' उरवली. आपली स्कूल व्हॅन ही अशी तांड्याची नात लागते.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. महाड हे समुद्रापासून बरंच आत, तरी ते बंदर होतं. भरतीच्या पाण्यावर गलबतं बाणकोटच्या खाडीतून सावित्रीने वर दासगाव-महाडपर्यंत यायची. त्यापुढे होडी चालत नाही आणि समोर सह्याद्री उभा. म्हणजे इथे थांबायलाच हवं. माल होडीतून उतरणार, बैलाच्या पाठीवर चढणार आणि मग घाट लागणार.

हायवेवरून महाडजवळ गांधारपाले लेणी दिसतात ना, ती याच थांब्यावरची. डोंगरात सुमारे ३० लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत एका राजकुमाराचं दान आहे, तसंच एका श्रेष्ठीच्या, म्हणजे बड्या व्यापाऱ्याच्या मुलाचंही. लेण्यांसोबत खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. व्यापारी रस्ता, मुक्काम आणि पाणी, तिन्ही एकाच ठिकाणी.

नंतरच्या काळात लमाणांचे तांडे आले. कोकणातलं मीठ वर, देशावरचं धान्य खाली. सतराव्या शतकातला फ्रेंच प्रवासी तावेर्निये याने हिंदुस्थानात दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचं लिहून ठेवलंय. सह्याद्रीच्या घाटवाटा अरुंद, तिथे बैल एकामागे एकच चढणार. म्हणून चढायच्या आधीची रात्र महत्त्वाची. जागा सपाट हवी, चारा हवा आणि सगळ्यात आधी पाणी हवं. आज आपण चाऱ्याच्या जागी चार्जिंग म्हणतो, एवढाच फरक.

मग सुट्टीवाले आले. १८२८ च्या सुमारास गव्हर्नर सर जॉन माल्कमने महाबळेश्वर वसवलं. मुंबईच्या साहेबांची एक वाट आमच्याकडून जायची. बोटीने सावित्रीच्या खाडीत, पुढे महाड, पोलादपूर आणि मग पालखीने किंवा तट्टावरून पार घाट. पुढे गाडीरस्ता झाला, त्याला गव्हर्नर फिट्झजेराल्डचं नाव दिलं. तोच आपला आंबेनळी. साहेबाच्या मुक्कामाला डाक बंगले असायचे.

तिकडे ब्रिटनमध्ये १८८५ मध्ये गॉर्डन स्टेबल्स नावाच्या नौदलाच्या निवृत्त डॉक्टरने मुद्दाम फिरण्यासाठी घोड्यांची कॅराव्हॅन बनवून घेतली आणि स्कॉटलंडपर्यंत नेली. हौसेच्या कॅराव्हॅनची सुरुवात तिथली मानतात. पण त्याच रस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या गाडीत संसार करणाऱ्या जिप्सी लोकांना मुक्काम टाकला की हुसकावून लावत. गाडी दोघांकडे होती. थांबायची मुभा मात्र दोघांना सारखी नव्हती.

आणि इथेच महाडचा इतिहास आपल्याला पकडतो. मुक्कामाची जागा चांगली की वाईट, हे नुसत्या सोयींवर ठरत नाही. ती कुणासाठी खुली आहे, हेही बघावं लागतं.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. चवदार तळ्यामागचा ठराव म्हणून आपण तो ओळखतो. पण त्यात नुसते पाणवठे आणि विहिरी नव्हत्या, धर्मशाळाही होत्या! सार्वजनिक पैशातून बांधलेल्या या जागा अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुल्या करा, असं तो म्हणत होता. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर.

मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली महाडला परिषद भरली. हजारो माणसं मुक्कामाला आली, आणि त्यांच्यासाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. गावात भलंमोठं तळं असताना! २० मार्चला सगळे चालत तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर परतीच्या तयारीत असलेल्या लोकांवर हल्ला झाला. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला.

डिसेंबरच्या परिषदेचं नियोजन तर ट्रिप प्लॅन करणाऱ्या प्रत्येकाने वाचावं. मुंबईहून नेहमीची वाट धरमतरवरून, पुढे मोटार. पण मोटारवाल्यांनी बसवून घेतलंच नाही तर? म्हणून 'पद्मावती' बोटीने दासगाव गाठलं. तिथून महाड पाच मैल, चालत जाता येतं. मंडपाला जागा कुणी देईना, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. गावातले व्यापारी माल देईनात, धान्य बाहेरून आणलं. कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम होता, म्हणून त्या वेळी तळ्याचं पाणी घेतलं नाही. हायकोर्टाचा निकाल बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ ला. म्हणजे प्यायच्या पाण्यासाठी जवळपास दहा वर्षं.

आता मित्रांच्या प्रश्नाकडे. माझी यादी लहान आहे.

एक, जून ते सप्टेंबर नदीकाठी गाडी लावू नका, कितीही सुंदर दिसलं तरी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात सावित्रीवरचा जुना पूल कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या वाहून गेल्या.

दोन, पावसाळ्यात डोंगरउताराच्या पायथ्याशी थांबू नका. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर दरड कोसळली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसं नेली. घाट सुरू आहे का, हे निघण्याआधी विचारा.

तीन, पाणी कुठून येतं आणि तुमचं सांडपाणी कुठे जातं, दोन्ही विचारा. आमच्या वाड्यांत उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. तुमच्या गाडीची टाकी त्याच विहिरीतून भरणार असेल, तर जपून वापरा.

चार, जागेच्या मालकाला विचारा की इथे सगळ्यांना जागा देता ना? बुकिंगच्या वेळी आडनाव ऐकून कुणाचा सूर बदलला, तर तिथे पैसे देऊ नका. रेटिंग कितीही असू दे.

आणि महाडला थांबलात, तर चवदार तळ्यावर नक्की जा. तिथून आंबेनळीचा रस्ता पोलादपूरहून फुटतो. उजेडात चढा, घाईत नको.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या गावाजवळ एखादी जुनी धर्मशाळा किंवा तांड्याचा तळ असेल, तर फोटो आणि माहिती पाठवा.